कंबरेच्या ऑपरेशननंतरचे शंभर किलो

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा हळर्णला, घर इब्रामपूरला, आणि वजनं उचलायला मी डिचोलीला जाते. ही शेवटची गोष्ट मी शाळेत कितीतरी दिवस कुणाला सांगितली नव्हती. पस्तिशी उलटलेली बाई, दोन मुलांची आई, साडी नेसून पाढे म्हणून घेते, आणि आठवड्यातून दोनदा पूल ओलांडून, साळ गावावरून स्कूटर दामटत लोखंड उचलायला जाते, हे सांगायचं तरी कसं?

सुरुवात मुलीमुळे झाली. ती डिचोलीला कराटे शिकायची. एका जुन्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढे तिचा वर्ग भरायचा आणि मागे व्यायामशाळा होती. मी बाहेर बाकावर वह्या तपासत बसायची. व्यायामशाळा चालवणारे गृहस्थ कोल्हापूरकडचे. तरुणपणी तालमीत घुमलेले, मग इथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून पंचवीस वर्षं काढलेली. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. एकदा ते बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तासभर नुसतं बसून गुडघं दुखवून घेण्यापरीस आत येऊन उभ्या ऱ्हावा की जरा."

मी आत गेले. पहिल्या दिवशी नुसता रॉड उचलला. चार वर्षांनी मी जमिनीवरून एकशे दहा किलो उचलत होते. राज्याच्या स्पर्धेत माझ्या गटात तिसरी आले, तेव्हा शाळेत कळलंच. मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. पहिलीची मुलं आठवडाभर माझ्या दंडाकडे बघत होती.

कंबर गेली ती पुढच्या स्पर्धेच्या तयारीत. ती कशी गेली हे मी फार दिवस खरं सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. तीन आठवडे आधीपासून सकाळी उठताना कंबर धरायची. मोजे घालताना भिंतीला टेकावं लागायचं. वस्तादांनी दोनदा विचारलं, "पाठ बरी हाय न्हवं?" दोन्ही वेळा मी बरी आहे म्हणाले. तिसऱ्या वेळी रॉडवर एकशे वीस होते आणि ते म्हणाले, "आज नको. तुमची पाठ गोल होतीया." मी म्हटलं, "एकच उचलते. आज खूप बरं वाटतंय."

रॉड गुडघ्यांच्या वर आला. दुखलं असं काही नाही. मी तो नीट खाली ठेवला, चार पावलं चालले आणि पाण्याची बाटली घ्यायला वाकले. वर येता येईना. आरडाओरडा करावा इतकी कळ नव्हती. शरीर मधोमध संपल्यासारखं वाटलं, एवढंच. हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर, आणि वर कसं यायचं असतं तेच आठवेना.

वस्तादांनी आणि तिथल्या दोघी मुलींनी मला आडवं केलं. यजमान कारखान्याच्या कामगारांची बस चालवतात. ते पाळी अर्धी टाकून आले.

पुढचे आठ दिवस डाव्या पायातून वीज जात राहिली, कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत. गोळ्या घेतल्या, पडून राहिले. मग वेदना एकाएकी कमी झाली. मला वाटलं, बरी होतेय. शाळेत गेले. दुसऱ्या तासाला वर्गातून माध्यान्ह आहाराच्या खोलीपर्यंत चालत गेले, तर मागून चौथीतली एक मुलगी धावत आली. तिच्या हातात माझी चप्पल होती.

"बाई, तुमचा एक चप्पल थंय ऱ्हवला."

मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. खडीवरून मी तशीच चालत आले होते आणि मला ते कळलंच नव्हतं. पाऊल उचलायला गेले तर टाच उचलली गेली, पंजा तसाच लोंबत राहिला. ते पाऊल माझं नव्हतंच.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो समोर धरला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. त्यांनी एक प्रश्न तीनदा विचारला, लघवी झालेली कळते का. दोनदा विचारला तेव्हा मी नुसतं हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा तो कशासाठी आहे हे मला समजलं: पंजासारखाच लघवीवरचा ताबाही जाऊ शकत होता. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं.

ते चांगलं झालं. हे सगळेच सांगत होते, आणि खरंच होतं. पण त्या ऑपरेशनानंतर माझ्या अंगात जी भीती शिरली तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी शिंकेला भ्यायला लागले. शिंक येतेय असं वाटलं की दोन्ही हातांनी खाटेची कड धरायची. घराच्या वाटेवरचे गतिरोधक मला पाठ झाले होते. यजमानांच्या मागे बसले की प्रत्येकाच्या आधी त्यांच्या खांद्यावर थाप मारायची. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी डाव्या पायाचा अंगठा चादरीवर घासून बघायची. स्पर्श कळतोय की नाही, कालच्याइतकाच कळतोय की कमी. कधीकधी इतका वेळ घासायची की मलाच खात्री वाटेनाशी व्हायची.

सासूबाई सगळं करत. सत्तरी ओलांडलेली बाई विहिरीचं पाणी ओढी, पोळ्या लाटी, आणि मी जरा पुढे झाले की म्हणे, "तू बस गो. वाकू नको." मी बसत असे. सहा आठवडे वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सात महिने वाकले नाही. खाली पडलेला खडू मुलांकडून उचलून घेई. पायाची ताकद परत आली, पंजा उचलू लागला, अंगठ्याजवळचा एक कवडीएवढा भाग तेवढा बधिर राहिला. कागदावर मी बरी झाले होते.

सातव्या महिन्यात एका रविवारी सकाळी न्हाणीतून आवाज आला. मी गेले. सासूबाई दगडावर कुशीवर पडल्या होत्या. साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला होता. एक हात अंगाखाली अडकलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा हात वर केला.

मी दारात उभी राहिले. त्यांचं वजन पंचेचाळीस किलोंच्या वर नसेल. मी एके काळी तेवढं दहादा उचलून मग सरावाला सुरुवात करत असे. आता तो हात समोर होता आणि माझे गुडघे वाकेनात. हलायला गेले की कंबरेत ती जागा आधीच आवळायची. मी म्हणत होते, "आई, थांबा, थांबा हां," आणि तिथेच उभी होते. शेवटी मी शेजारणीला हाक मारली. शेजारीण सावंतवाडीकडची, काजूच्या कारखान्यात जाणारी, माझ्याहून वीतभर बुटकी. ती ओल्या हातांनी धावत आली, सासूबाईंच्या काखेत हात घातले आणि त्यांना उठवून बसवलं. मला म्हणाली, "वहिनी, तुमी बाजूक व्हा." मी बाजूला झाले.

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. दुपारी मी हळद लावत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरा केलंस वाकलंस नाय ता. दोघांय हयच पडान ऱ्हवलो असतो."

त्या मनापासून म्हणाल्या. पण मी पाठीला जपलं नव्हतं. मी घाबरले होते, आणि या दोन गोष्टी निराळ्या असतात हे मला तिथे दारात उभं असतानाच कळत होतं. शेजारणीने त्यांना धरलं तेव्हा मला जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

त्याच आठवड्यात मी म्हापशाला फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण, कमी बोलणारी बाई. तिने फोटो पाहिले, पाय पाहिले, मग कोपऱ्यातली रिकामी बादली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "उचला."

"मला वाकायला बंदी आहे."

"कुणी घातली? कागदावर सहा आठवडे लिहिलंय."

मी बादलीकडे बघत राहिले. रिकामी प्लास्टिकची बादली. तिने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने मी कुल्ले मागे नेले, गुडघे वाकवले, कडी धरली आणि उभी राहिले. काही झालं नाही. मी रडले. तिने बादलीत दोन तांबे पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता परत."

पाच महिने ती बादली भरत गेली. मग पाण्याऐवजी वजनं आली. मधल्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं, पुन्हा जड उचलू का. ते म्हणाले, हळूहळू, देखरेखीखाली, आणि पायात काही जाणवलं तर त्याच दिवशी माझ्याकडे. हमी मात्र त्यांनी दिली नाही. मला हमी हवी होती.

घरी सांगितलं तेव्हा यजमान जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"परत थंय जातलंस? कित्याक?"

न्हाणीतलं त्यांना ठाऊक होतं, पण मी दारात किती वेळ उभी होते ते नव्हतं.

"माका ता हॉस्पिटल परत बघूचा नाय," ते म्हणाले. मग घास परत उचलत म्हणाले, "जाशीत तर माका सांगान जा. चोरून नको."

डिचोलीला गेले त्या संध्याकाळी वाटलं होतं, वस्ताद खूष होतील. ऑपरेशननंतर ते एकदा घरी आले होते. शहाळी घेऊन आले, ओट्यावर बसले, आणि चहा न घेता गेले. तेव्हा मला राग आला होता. आता मला दारात पाहून ते उठले, खुर्ची दिली. मी म्हटलं, पुन्हा सुरू करायचंय. ते हातातल्या फडक्याची घडी करू लागले.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "व्यायाम करा, चाला, हातपाय हलवा. जड न्हाई. माझ्या हाताखाली एक पाठ गेली. परत त्यो ताप मला सोसवायचा न्हाई."

मी शेडमध्ये बघितलं. जिथे आम्ही जमिनीवरून वजन उचलायचो त्या फळ्या नव्हत्या. तिथे सायकली मांडल्या होत्या. मी विचारलं तेव्हा एका मुलीने सांगितलं, वर्षभर वस्ताद कुणालाच जड उचलू देत नाहीत. साठच्या वर रॉड जातच नाही.

मला बसावंसं वाटलं, आणि मी बसले. मग मी त्यांना सांगितलं. तीन आठवडे आधीपासून दुखत होतं. मोजे घालताना भिंत धरावी लागत होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, कारण तुम्ही मला स्पर्धेतून काढलं असतं.

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं.

"वर्षभर म्या रोज त्यो एकच लिफ्ट डोळ्याफुडं बघतोय," ते म्हणाले. "कुठं चुकलो म्हणून. हात धरून थांबवायला पायजे हुतं, ह्येच म्हणतोय."

"तुम्ही थांबवलं होतंत."

"तोंडानं थांबवलं. रॉड न्हाई काढला." ते उठून सायकलींकडे गेले आणि परत आले. "म्हंजी तुमी बी भ्यालाय आन मी बी. अशा दोघांनी काय उचलायचं?"

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा सायकली भिंतीला लावलेल्या होत्या आणि फळ्या परत घातलेल्या होत्या.

त्यांनी एकच अट घातली. रोज सुरू करण्याआधी कुठे काय दुखतंय ते खरं सांगायचं, शून्य असेल तरी सांगायचं. ते एका वहीत लिहीत. मी जे सांगायची ते ऐकून त्यांना धक्का बसत असावा, कारण मी आता सगळंच सांगायची. डाव्या बाजूला मूठभर आवळल्यासारखं. बसून उठताना एक टिचकी. अंगठा कालच्यासारखाच. कधी ते वही मिटून म्हणत, आज घरी जावा. मी अर्धा तास स्कूटर चालवून आलेली असे आणि परत जायची. जाताना मला बरं वाटायचं, हेही मी लपवत नाही. घरी जायला मिळालं की बरं वाटायचं.

वीस, तीस, चाळीस. पन्नासवर मी दोन महिने अडकले. ताकद होती. पण बुटांच्या नाड्या बांधल्या, पट्टा आवळला, रॉडजवळ गेले की पुन्हा मागे फिरायची. इतर बायका आपापलं करत असायच्या आणि मला वाटायचं, त्यांना माझ्या छातीचे ठोके ऐकू जाताहेत. वस्ताद शेजारी उभे असत. तेही अंगठ्याने बोटं चोळत. ते मला दिसायचं, आणि त्याने काही मदत व्हायची नाही.

साठवर असताना पायात वीज गेली. एकच क्षण, मांडीच्या मागून. मी रॉड सोडून दिला. तो आपटला आणि शेड गप्प झाली. वस्तादांचा चेहरा राखेसारखा झाला होता. यजमान बस घेऊन दूर पत्रादेवीच्या बाजूला होते. वस्तादांनी स्वतः मला त्यांच्या जुन्या मोटारीतून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ते एकदाच बोलले. "पायाला कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. दहा मिनिटांनी मी पुन्हा म्हटलं, अजून कळतंय. त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलं, पंजा दाबायला लावला. नवा फोटोही काढला. त्यात नवं काही नव्हतं. नस आहे, कधीकधी चिडते, असं म्हणाले. दोन आठवडे थांबा, मग चाळीसपासून. ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला त्यांचा रागच आला. मी दोन आठवड्यांऐवजी पाच थांबले. सहाव्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "आज शनवार मा? जायत नाय?" मी म्हटलं, कंटाळा आलाय. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भियालंस."

मी हो म्हटलं. घरात ते पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

"मी पण न्हाणयेत भियान जातंय," त्या म्हणाल्या. "रोज. पण न्हावचा लागता."

मी कपडे बदलले आणि गेले.

शंभरचा दिवस ठरवलेला नव्हता. ऑपरेशनाला दोन वर्षं होऊन गेली होती. रविवारची सकाळ, शेडमध्ये आम्ही चौघंच. नव्वद व्यवस्थित उठले होते, दोन आठवडे लागोपाठ. वस्तादांनी वही वाचली, दोनदा वाचली, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाचची प्लेट चढवली.

पहिल्यांदा मी रॉड धरला आणि सोडून दिला. हात घसरताहेत म्हटलं, तळव्यांना खडूची पूड लावली. दुसऱ्यांदा धरला, श्वास घेतला, आणि न्हाणीच्या दारातल्यासारखंच झालं. गुडघे वाकलेले, हात रॉडवर, आणि मी नुसती तिथे. किती वेळ ते माहीत नाही. मी सरळ झाले आणि म्हटलं, "नाही जमत."

"दुखतंय?"

"नाही. भीती वाटतेय."

"किती?"

ते दुखण्याबद्दल विचारत त्याच आवाजात त्यांनी विचारलं. पेन हातात होतं. मी म्हटलं, "दहापैकी नऊ." त्यांनी ते वहीत लिहिलं. मग माझ्या मागे न उभं राहता ते समोर येऊन उकिडवे बसले, माझी पाठ बाजूच्या आरशात दिसेल असे. म्हणाले, "गोल झाली की मी 'सोडा' म्हणणार. म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं. ह्या खेपंला तुमी ऐकायचं आन मी बघायचं."

तिसऱ्यांदा मी धरला. भीती नऊच होती, जरासुद्धा उतरली नव्हती. पोट आवळलं, पाय जमिनीत दाबले. रॉड हलला नाही. मग हलला. नडग्यांना घासत वर आला, फार सावकाश, आणि गुडघ्यांच्या वर येताना मला वाटलं आता होणार, आता. वस्तादांचे ओठ उघडे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. मी सरळ उभी राहिले. हातात शंभर किलो होते आणि मी पायांकडे लक्ष लावून होते, वीज येतेय का म्हणून. मग खाली ठेवला. सावकाश, हात न सोडता.

वस्तादांनी ताबडतोब प्लेटा काढायला सुरुवात केली. मी पुन्हा प्रयत्न करीन अशी त्यांना धास्ती असावी. मला तसा विचारही आला नव्हता. मी बाकावर बसले आणि डाव्या पायाचा अंगठा बुटात घासून पाहिला. एका मुलीने पाणी आणून दिलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी कुणाला लगेच सांगितलं नाही. संध्याकाळी कंबर भरून आली, जशी जड कामानंतर येते तशी. पण ती तशीच आहे की दुसरी काही, हे मला ओळखता येत नव्हतं, आणि अजूनही दरवेळी ओळखता येत नाही. यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग विचारलं, "आता पुरे?"

मी म्हटलं, बघू.

स्पर्धेला मी पुन्हा गेले नाही. शंभरच्या पुढेही गेले नाही, जाईन असं वाटत नाही. वस्ताद आता दुसऱ्या बायकांनाही साठच्या पुढे जाऊ देतात, आधी वहीत सगळं लिहून घेऊन. दुखण्याच्या रकान्याशेजारी त्यांनी भीतीचा रकाना आखला आहे. माझ्या पानावर तिथे आजवर तीनच्या खाली आकडा गेलेला नाही. परवा बुधवारी सहा लिहिला, आणि ऐंशी उचलले.